शहात्तर सालची तुळस आणि गाडीचा विमा

मुळगावच्या गावस घराण्यात पहिले राज्य द्वारकाबाईंचे. त्यांनी उभ्या आयुष्यात वाहन वापरले नाही. जिथे जायचे तिथे त्या चालत गेल्या, आणि जिथे चालत जाता येत नाही ते ठिकाण जाण्याच्या लायकीचे नाही, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्यामागून त्यांच्या सूनबाई शेवंतीबाई. त्यांच्या काळात दारात बैलगाडी आली. शेताच्या बांधावर जो राखणदार देव असतो, त्याला वर्षाकाठी एक नारळ आणि एक रोट द्यायचा. एवढ्या हप्त्यात तो बैल, गाडी, भात आणि घरची सगळी माणसे सांभाळत असे. त्याने कधी फोटो मागितला नाही, मुदत संपल्याची चिठ्ठी पाठवली नाही. शेवंतीबाईंच्या मागून रुक्मिणीबाई. याही तशाच करारी. पण त्यांच्या कारकिर्दीत, शहात्तर साली, तुळशीच्या लग्नाला दोन दिवस राहिले असताना, गावसांच्या घराण्याला पहिला आणि शेवटचा डाग लागला.

त्या दिवशी रुक्मिणीबाई डिचोलीच्या बाजाराहून बैलगाडीने परतत होत्या. शेजारी त्यांची सून चंद्रावती बसली होती. तिच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. समोरून खाणीचा ट्रक आला, त्याने भोंगा वाजवला, उजवीकडचा बैल बुजला आणि गाडी थेट शेजारच्या शांताराम चोडणकरांच्या अंगणात शिरली. चुन्याने नुकतेच रंगवलेले, लग्नासाठी सजवलेले त्यांचे तुळशीवृंदावन चाकाखाली भुईसपाट झाले.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी गवंडी पाठवला. शांतारामांनी त्याला चहा पाजून परत धाडला. मग रुक्मिणीबाईंनी तांदळाचे पोते पाठवले. ते शांताराम स्वतः डोक्यावर घेऊन परत आले, सोप्यावर उतरवून ठेवले आणि हसून म्हणाले, "आसूं दी, वयनी. तुळसच ती. परतून रुजतली."

माणसाने माणसाचा अपमान करावा तर तो असा. शांतारामांनी शिव्या दिल्या असत्या तर उलट शिव्या देता आल्या असत्या. पंचायतीत ओढले असते तर दंड भरून मोकळे होता आले असते. पण त्यांनी क्षमा केली, आणि क्षमेची पावती कुठल्याच कचेरीत मिळत नाही. रुक्मिणीबाई पुढे बावीस वर्षे जगल्या. शेवटच्या आजारात त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात दिला, भाताचे कोठार दाखवले आणि म्हणाल्या, "सगळें फेडलां. शांतारामाची तुळस तेवढी रावली."

किल्ल्यांबरोबर ही तुळसही चंद्रावतीबाईंच्या पदरात पडली.

शांतारामांच्या पश्चात त्यांचा मुलगा बाबुराव याने वडिलांची जमीन, माड आणि मोठेपणा असे तिन्ही जपले. हद्दीच्या गडग्यावरून वाद झाला की बाबुराव मान हलवून म्हणे, "जांव दी, वयनी. आमी तुळशीचेंय कितें म्हणूंक ना." पाण्याच्या पाळीवरून झाला तरी तेच. एकदा त्याच्या म्हशीने चंद्रावतीबाईंची मिरचीची रोपे फस्त केली, आणि तक्रार घेऊन गेलेल्या चंद्रावतीबाईच क्षमा घेऊन परत आल्या. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी चांदीचे वृंदावन आहेर म्हणून दिले. हिशेब संपला असे वाटले. बाबुरावाने ते दर्शनी कपाटात ठेवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "वयनीन दिलां. ती जुनी गजाल बिचारी अजून मनांत धरून आसा." बिचारी! तीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाईला गावात आजवर कोणी या शब्दाने संबोधले नव्हते.

तर अशा या चंद्रावतीबाईंनी निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर एक पांढरी चारचाकी घेतली. ती हाकण्याचे काम मुलगा सुदेश करी. तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्या गाडीला सहा वर्षे झाली, आणि विम्याची मुदत येत्या गुरुवारी मध्यरात्री संपते आहे असे सांगायला सेजल आली.

सेजल ही विमा उतरवून देणारी डिचोलीची मुलगी. तिची आई योगिता चंद्रावतीबाईंच्या हाताखाली शिकलेली. त्यामुळे सेजल स्कूटर फाटकाबाहेर लावी, चपला पायरीच्या खाली काढी आणि सांगितल्याशिवाय बसत नसे. विमा धंद्यातल्या माणसात हे गुण क्वचित आढळतात.

"गाडीची किंमत यंदा दोन लाख चाळीस हजार धरली आहे, बाई," ती म्हणाली.

"गेल्या वर्षी दोन लाख नव्वद होती."

"दर वर्षी कमी होते ती."

"का? गाडीने काय केले?"

सेजलने सूनबाई सुविधाकडे पाहिले. सुविधा तांदूळ निवडत होती. ती आणखी बारकाईने निवडू लागली.

"गाडी जुनी होते ना, बाई. वय वाढले की किंमत कमी."

हे तत्त्व एकोणसत्तर वर्षांच्या स्त्रीला तिच्याच सोप्यावर बसून ऐकवायला धैर्य लागते. चंद्रावतीबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना या हालचालीचा अर्थ ठाऊक होता. सेजल घाईघाईने म्हणाली, "पण पाच वर्षे झाली की किंमत दोघांच्या संमतीने ठरवतात. कंपनी आणि तुम्ही."

"ठीक. माझी संमती नाही."

"बरं. किमतीचे मी विचारते. आता अपघाताचे. गाडीच्या मालकाला गाडी चालवताना काही झाले तर पंधरा लाख..."

"लिही."

"पण त्यासाठी मालकाकडे गाडी चालवण्याचा परवाना लागतो."

"मालक मी आहे. परवाना सुदेशकडे आहे."

"मग तुम्हाला ते मिळत नाही, बाई. स्वतः चालवणाऱ्या मालकाला मिळते."

"म्हणजे मालकिणीने स्वतः गाडी हाकली तर ती पंधरा लाखांची, आणि मागे शिस्तीत बसली तर फुकट?" चंद्रावतीबाई म्हणाल्या. "शेवंतीबाईंनी जन्मात कधी बैलाची वेसण धरली नाही. गडी धरायचा. म्हणून त्या काय मालकीण नव्हत्या?"

सेजलने पान उलटले आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा मुद्दा काढला. "हा भाग तर कायद्यानेच घ्यावा लागतो. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, समजा कोणाची भिंत पडली, तर कंपनी साडेसात लाखांपर्यंत भरून देते. तुम्हाला त्या माणसाच्या तोंडाला लागायला नको."

सुविधाचे तांदूळ निवडणे थांबले.

"मालमत्तेत तुळशीवृंदावन येते?" चंद्रावतीबाईंनी विचारले.

"येते की."

"शहात्तर सालचे?"

सेजलला आधी वाटले की बाई विनोद करत आहेत. मग तिला आईने सांगितलेले आठवले, की बाई विनोद करत नाहीत; तुळशीची ती गोष्टही आठवली. "मागच्या तारखेचे नाही चालत, बाई," ती हळूच म्हणाली. "आणि ती बैलगाडी होती ना."

"रस्ता तोच आहे. अंगण तेच आहे," चंद्रावतीबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज उतरला होता. एका कागदावर सही करून माणूस शेजाऱ्याच्या उपकारातून सुटतो, ही सोय जगात आहे आणि ती आपल्या घरापर्यंत पोचायला पन्नास वर्षे उशीर झाला, या विचाराने त्यांना त्या दिवशी जेवण गेले नाही.

विम्याची गोष्ट गावात गेली. मुळगावात एखाद्याच्या घरी काही ठरवायचे असले की ते घरच्यांना शेवटी कळते. समोरच्या गुरुदासने येऊन सांगितले की इंजिनचा विमा वेगळा घ्या. गेल्या पावसात त्याची व्हॅन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि कंपनीने सांगितले की गाडी बुडाली ते मान्य, पण इंजिन बुडाले ते मान्य नाही. सुविधाच्या माहेरून फोन आला की काचेचा आणि टायरचा घ्या. सुदेशचे म्हणणे होते की कायद्यापुरता घ्यावा आणि उरलेल्या पैशात गाडीला मागचा कॅमेरा बसवावा. मुलाच्या स्वभावातला हा चिल्लरपणा सासरकडून आला की माहेरकडून, याचा चंद्रावतीबाईंना तपास लागला नव्हता.

बाबुराव गडग्यावर कोपर टेकून म्हणाला, "वयनी, कायद्याचो तितलोच पुरो. आमच्या गांवांत कोण कोणाक पैसे मागता? हांवें तरी मागले?"

त्याच क्षणी चंद्रावतीबाईंनी ठरवले की विमा घ्यायचा तो पूर्ण. भागांची किंमत न कापता मिळणारा, इंजिनचा, काचेचा, टायरचा, हरवलेल्या चावीचा. जे जे म्हणून छापलेले असेल ते ते सगळे. यापुढे गावसांच्या चाकाखाली कोणाचे गवताचे पाते आले तरी ते भरून द्यायला कंपनी उभी राहिली पाहिजे.

प्रश्न उरला किमतीचा. सेजलला कंपनीने तोंडी सांगितले की फार तर दोन लाख साठ. चंद्रावतीबाईंना तोंडी व्यवहार मान्य नव्हता. त्यांनी बुधवारी सकाळी रेघांच्या कागदावर, समास सोडून, कंपनीच्या व्यवस्थापकांना तीन पानी पत्र लिहिले. त्यात गाडीचे चारित्र्य वर्णन केले होते: ती सहा वर्षांत एकदाही धडकली नाही, रात्री-अपरात्री बाहेर राहिली नाही, आणि दर दसऱ्याला तिची यथासांग पूजा झाली. एकदाही भरपाई न मागितल्याबद्दल कंपनीने स्वतःच हप्त्यात निम्मी सूट दिली आहे. ज्या वाहनाला कंपनी सद्वर्तनाचा दाखला देते, त्याच वाहनाची किंमत ती घटवते, यातली विसंगती व्यवस्थापकांनी उलगडून दाखवावी, अशी विनंती शेवटी केली होती. पत्र डिचोलीच्या टपाल कचेरीतून रजिस्टर केले आणि पावती पेटीत ठेवली.

"आई, मुदत उद्या संपता," सुदेश म्हणाला. "पत्र पोचपाक चार दीस लागतले. सेजल फोनवरून पाच मिनिटांत करून दिता."

"पत्र पाठवल्यावर उत्तराची वाट पाहायची असते. नाहीतर पाठवायचे कशाला?"

गुरुवारची मध्यरात्र आली तशी गेली. शुक्रवारी सकाळी सेजल धापा टाकत आली. "बाई, मुदत संपली! आता असाच नाही उतरवता येत. गाडीची तपासणी होणार. माणूस येऊन फोटो काढणार."

"कशाचे फोटो?"

"म्हणजे... मध्ये एक दिवस विमा नव्हता ना. त्या दिवसात गाडीला काही झाले नाही ना, ते पाहायला."

चंद्रावतीबाई उभ्या राहिल्या. एका दिवसासाठी! आयुष्यभर त्यांनी इतरांची हजेरी घेतली. एका दिवसाच्या खाड्यासाठी कोणा मुलाच्या घरी माणूस पाठवून त्याच्या अंगावरचे ओरखडे मोजले नाहीत. त्यांचा शब्द पुरत नव्हता? "गाडीला काही झाले नाही असे मी लिहून देते," त्या म्हणाल्या. सेजलने मान खाली घातली. कंपनीला फोटोच हवा होता.

एकदा तपासणी टळत नाही म्हटल्यावर मात्र ती नीट झाली पाहिजे. शाळेत साहेब यायचे तेव्हा चंद्रावतीबाई भिंती सारवून घेत आणि दाराला तोरण बांधीत. साहेबांनी शेरा चांगला दिला नाही असे एकदाही घडले नव्हते. शनिवारी पहाटे त्यांनी सुदेशकडून गाडी धुऊन घेतली. पुढे झेंडूचा हार घातला, तो नंबराच्या पाटीवरून खाली आला. बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले, चारी दारांना हळदीची बोटे लावली, चाकांखाली लिंबे ठेवली. सुविधा म्हणाली, "आई, तो फोटो काढपाक येता. लग्नाक न्हय." सुनेच्या बोलण्याकडे कधी दुर्लक्ष करायचे हे चंद्रावतीबाईंना सासूबाईंनी शिकवले होते.

तपासणीला आला तो अनिल, बेळगावकडचा तरुण. म्हापशाला खोली घेऊन राहणारा. दिवसाला दहा गाड्या पाहणारा. त्याने फोन पुढे धरला, मागे धरला, खाली बसला, उठला.

"ओ आज्जी, ते हार तेवढं काढा की. नंबर दिसंना."

"पूजेचा हार त्याच दिवशी उतरवत नाहीत."

"मग मी कसं म्हणू ही गाडी हीच हाय म्हणून?"

"मी सांगते ना."

अनिलने हार काठीने बाजूला धरायला सुविधाला उभे केले आणि फोटो काढला. फोनमधून टिंग असा आवाज आला. "आता हे बघा. बॉनेटला नुकसान हाय म्हणतंय. लाल रंगाचं."

"ते स्वस्तिक आहे!"

"ते मला कळतंय हो, आज्जी. ह्याला कळंना." त्याने पुन्हा टिपले. फोनने पुन्हा नुकसान नोंदवले, आणि या खेपेस चारी दारांवर सोळा ओरखडेही मोजले. ती हळदीची बोटे होती. मंगलचिन्हांना ओरखडे म्हणणाऱ्या यंत्राच्या हाती देशातल्या गाड्या सोपवल्या आहेत, हे वर्तमानपत्रात का येत नाही, असे चंद्रावतीबाईंनी त्याला विचारले. अनिलने पाण्याची बादली मागितली. स्वस्तिक पुसताना त्यांनी तोंड फिरवले.

गाडी धुतली, पण फोन आता म्हणू लागला की अंधार आहे. गाडी फणसाच्या सावलीत उभी होती, नेहमी तिथेच असे. सगळ्या आवारात ऊन पडत होते ते फक्त गडग्याच्या कडेला, जिथे पलीकडच्या बाबुरावाचा उंच माड अलीकडे कलला होता. त्या माडावर भाद्रपदापासून पाडेली चढला नव्हता. नारळ पाडणारे आता मिळत नाहीत आणि मिळतात ते झाडामागे फार मागतात, असे बाबुरावाचे म्हणणे. चंद्रावतीबाईंनी त्याला आजवर चार वेळा बजावले होते.

"हांगाच लाव रे सुदेशा," बाबुराव गडग्यावरून म्हणाला. "म्हजो माड शाणो आसा. चाळीस वर्सांत एक नारळ कोणाच्या माथ्यार पडूंक ना." आणि थांबून, "चाक म्हज्या हद्दींत आयलें तरी चलता. आमी तुळशीचेंय कितें म्हणूंक ना."

त्या वेळी चंद्रावतीबाईंच्या चेहऱ्याचा फोटो निघाला असता तर फोनने त्यातही नुकसान नोंदवले असते.

अनिलने आठ बाजूंनी आठ फोटो काढले आणि गाडी निर्दोष असल्याचे सांगून तो गेला. सुदेशला पाळीला उशीर झाला होता. तो स्कूटर घेऊन धावला. गाडी माडाखालीच राहिली, कारण घरातल्या दोन्ही बायकांपैकी कोणालाच ती हलवता येत नव्हती. संध्याकाळी सेजलने विमा झाल्याचा कागद आणून दिला: सगळ्या जोडण्यांसकट पूर्ण विमा, किंमत दोन लाख साठ हजार, मध्यरात्रीपासून लागू. चंद्रावतीबाईंनी तो देवासमोर ठेवला. सुदेश कामावरून दमून आला आणि म्हणाला, "गाडी फाल्यां सकाळीं काढतां."

रविवारी सकाळी साडेसातला, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजत असताना, बाबुरावाच्या शहाण्या माडाने आपला चाळीस वर्षांचा लौकिक सोडला.

आवाज ऐकून गुरुदास लुंगी सावरत आला. पोदेर पावांची टोपली सायकलवर तशीच ठेवून आला. गाडीच्या टपावर, बरोबर मध्यभागी, भाताचे माप आत बसेल एवढा खळगा पडला होता आणि नारळ चाकापाशी अखंड पडला होता. गडग्यापलीकडे बाबुराव उभा होता. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच तुळशीचा शब्द निघाला नाही.

"वयनी," तो म्हणाला, "हांव... हांव भरून दितां. पुराय भरून दितां."

चंद्रावतीबाई काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्या बाबतीत इतके अभूतपूर्व होते की सुविधाने त्यांना खुर्ची आणून दिली.

सुदेशने सेजलला फोन लावला, आणि ती अर्ध्या तासात हजर झाली. तिने खळगा पाहिला, कागद पाहिला, आणि तिचा चेहरा उजळला. "बाई, बसते! वरून पडलेली वस्तू विम्यात बसते, आणि विमा काल रात्री बारापासून लागू आहे. नवा पत्रा, रंग, सगळे कंपनी करून देईल. चोडणकर काकांना सांगा, त्यांनी मुळीच काळजी करू नये."

"कंपनीने भरले," चंद्रावतीबाईंनी सावकाश विचारले, "तर बाबुरावाचे काय देणे उरते?"

"काहीच नाही."

"मग माझ्याकडून त्याला काही मिळाले असे होईल?"

"तुमच्याकडून? तुमचा काय संबंध, बाई? ते कंपनीचे काम."

चंद्रावतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, चढवला. "मग नको."

"काय नको?"

"भरपाई नको. कंपनीला कळवायचे नाही."

सोप्यावर एकच गिल्ला झाला. सुदेशने डोक्याला हात लावला. "आई! आठ दीस तू ह्या विम्यासाठीं घर डोक्यार घेतलेंस! तीन पानी पत्र बरयलेंस! आतां गाडी खरीच मोडली तर नको?" मग त्याला काहीतरी सुचले. "बरें, एका दृष्टीन चांगलेंच. भरपाई मागली नाय तर ती निम्मी सूट रावता."

"सूट!" चंद्रावतीबाई कडाडल्या. "गावसांच्या घरात कोणाला माफ करायचे तर ते सूट मिळते म्हणून? आत जा, पाव घे."

सोमवारी सकाळी बाबुरावाने पाठवलेला भैरू आला. कोल्हापूरकडचा, गाड्यांचे पत्रे ठोकणारा, हातात रबरी हातोडा. "काकू, दोन तासांत सपाट करून देतो बघा. मालकांनी पैसे दिल्यात." चंद्रावतीबाईंनी त्याला सोप्यावर बसवले, सुविधाकडून चहा करवला, सोबत कालचा पाव भाजून दिला, आणि परत धाडले. भैरूला हे काम आवडले असावे. तो जाताना उद्या यायचे का असे विचारून गेला.

संध्याकाळी बाबुराव स्वतः आला. खांद्यावर नारळांचे पोते होते. ते त्याने सोप्यावर ठेवले आणि पायरीवर उभा राहिला. सडसडीत, अडुसष्ट वर्षांचा माणूस. पण त्या दोन दिवसांत वाकलेला दिसत होता. "वयनी, पाडेली हाडलो. माड मोकळो केलो. इतले तरी घे गे. म्हाका न्हीद येना."

चंद्रावतीबाईंना ते वाक्य ओळखीचे वाटले. बावीस वर्षे त्यांनी ते सासूबाईंच्या तोंडून ऐकले होते.

"घरी जाऊन बसा, बाबुराव," त्या म्हणाल्या. "मी येते."

तो गेल्यावर त्यांनी इस्त्रीचे लुगडे नेसले. सुदेशला पोते गाडीच्या डिकीत टाकायला सांगितले. चोडणकरांचे घर चाळीस पावलांवर होते. द्वारकाबाई असत्या तर चालत गेल्या असत्या. चंद्रावतीबाई मागच्या सीटवर बसल्या, पडलेला तो नारळ मांडीवर घेतला, आणि म्हणाल्या, "त्यांच्या अंगणात घे."

"अंगणांत? आई, थंय वृंदावन आसा!"

"ठाऊक आहे कुठे आहे ते. हातभर अंतर ठेव."

टपाला खळगा पडलेली ती पांढरी गाडी चोडणकरांच्या अंगणात शिरली. गाडी डाव्या अंगाने वळली आणि शांतारामांनी पुन्हा बांधलेल्या वृंदावनात पुन्हा रुजलेल्या तुळशीपासून बरोबर हातभर अंतरावर थांबली. साडेसात लाखांचा विमा लागू असूनही चंद्रावतीबाईंनी तेवढा वेळ श्वास रोखून धरला होता, हे त्यांनी पुढे कोणाला सांगितले नाही.

त्या उतरल्या. सुदेशने पोते बाबुरावाच्या पायरीवर ठेवले. चंद्रावतीबाईंनी मांडीवरचा नारळ त्यावर ठेवला. गडग्यापलीकडून गुरुदास पाहत होता, सुविधा पाहत होती. पोदेराची संध्याकाळची फेरीही नेमकी तिथे थांबली होती. साक्षीदार पुरेसे आहेत याची खात्री करून त्या बोलल्या. शाळेतली भाषा त्यांनी बाजूला ठेवली. जी भाषा शहात्तर साली त्यांच्या सोप्यावर बोलली गेली होती, त्याच भाषेत बोलल्या.

"आसूं दी, बाबुराव. पत्रोच तो."

बाबुरावाने मान वर केली. जी क्षमा त्याने इतकी वर्षे वडिलार्जित इस्टेटीसारखी वापरली होती, ती त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होती.

चंद्रावतीबाईंनी वृंदावनाकडे पाहिले. शांतारामांची तुळस परत रुजली होती. हिरवीगार समोर उभी होती. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"परतून रुजचो ना तो," त्या म्हणाल्या. "पूण आसूं दी."

मग त्या गाडीत बसल्या. परतीच्या चाळीस पावलांत त्यांनी टपाच्या आतून खाली आलेल्या फुगवट्यावर एकदा हात फिरवला. "हा ठोकून घ्यायचा नाही," त्या सुदेशला म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तपासणीचा माणूस आला तर त्याला सांग, याची नोंद कर म्हणून."

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला आणि रुक्मिणीबाईंच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या.

"सासूबाई," त्या म्हणाल्या, "तुळस फिटली. व्याजासकट."